ओवाळलेलं मीठ

३ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले, सामान लावलं आणि आता खिडकीशी बसून लिहिते आहे. साहेबरावांचा बंगला पैठण रोडवर, चितेगावच्या जरा अलीकडे. मागे डाळिंबाची बाग, समोर लांबवर कारखान्यांच्या चिमण्या. रत्नागिरीच्या प्रयोगशाळेतलं कंत्राट संपलं तेव्हा पुढचं काम समुद्रापासून इतक्या लांब मिळेल असं वाटलं नव्हतं. पण दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि थांबलेच. भिंतीएवढा खाऱ्या पाण्याचा टँक! काच उत्तम, खाली गाळणीची वेगळी टाकी, पंप भारी, वीज गेली तर बॅटरी. आत क्लाउनफिशचा जोडा, एक पिवळा टँग, निळे डॅमसेल आणि थोडं प्रवाळ. मी हे सगळं जगवायचं, एवढंच काम.

साहेबराव साठीच्या पुढचे, मोजकं बोलणारे. जमीन कारखान्यांना गेली आणि त्यातून हा बंगला उभा राहिला, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. किडनीचं दुखणं आहे, पायांवर सूज असते आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. मुलगा सार्थक व्यवसाय बघतो. त्याने मला भेटल्याभेटल्या माशांच्या डॉक्टरीणबाई करून टाकलं. साहेबरावांच्या बायको, आशाबाई, मात्र पाहताक्षणी आवडल्या. माझं जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरातून येणार. भाकरी, भरीत आणि ठेचा पुढ्यात ठेवून त्यांनी विचारलं की समुद्राकडच्या माणसांना आमचं तिखट सोसतं का. मी मूळची पुण्याची, असं सांगितलं, तर पुणं काय लांब आहे का समुद्रापासून, म्हणाल्या.

वरची खोली हवेशीर आहे. बरं वाटतंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

राग आवरून लिहायचा प्रयत्न करते.

पाणी तपासलं. अमोनिया इतका आहे की मासे आपल्याच घाणीत पोळताहेत. टँग वरच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकून धापा टाकतो. क्लाउनफिशचे पंख कडेने झडलेत. टँक कधी भरला आणि मासे कधी सोडले, असं सार्थकला विचारलं. दोन्ही एकाच दिवशी, म्हणाला, कारण मुहूर्त होता. नळाचं पाणी भरलं, मीठ ओतलं, वरून मासे सोडले.

खाऱ्या पाण्याचा नवा टँक महिना-दीड महिना माशांशिवाय चालवायचा असतो. माशांच्या घाणीतलं विष पचवणारे जिवाणू दगडांवर वाढायला तेवढा वेळ लागतोच. हौस करणाऱ्याने शिकायची ही पहिली गोष्ट, आणि दुकानदार नेमकी हीच सांगत नाही. मेलेल्याच्या जागी दुसरा विकायला मिळतो, मग सांगेल कशाला? आणि हे मासे येतात कुठून? त्यातले कितीतरी प्रवाळाच्या कपारीत सायनाइडची पिचकारी मारून, गुंगवून पकडलेले असतात. दुकानापर्यंत जिवंत पोहोचतात ते नशीबवान, आणि त्यांच्या नशिबी हा दिवाणखाना. दर आठवड्याला एखाददुसरा जातोच, सार्थक म्हणाला, शहरात गेलो की नवे आणतो. चपला आणण्याच्या सुरात बोलला.

संध्याकाळी साहेबरावांसमोर बसून सगळं सांगितलं. नवा मासा आणायचा नाही. पुढे कधी आणायचाच झाला तर पैदास केंद्रात जन्मलेला, समुद्रातून उचललेला नको, आणि आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून मगच इथे सोडायचा. पाणी यंत्रातून शुद्ध केलेलंच वापरायचं. त्या यंत्रातून वाया जाणारं पाणी डाळिंबाला द्यायचं, कारण ज्या शहरात नळाची वाट बघत दिवस काढतात तिथे आपल्या हौसेचं पाणी गटारात सोडायची मला लाज वाटते. खायला मीच घालणार, दुसऱ्या कुणी चिमूटभरही टाकायचं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बघू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अमोनिया उतरतोय, पण मिठाचं गणित जुळत नाही. टँकमधलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची असते. ती मी स्वतः घालते. खारटपणा मोजायला दुर्बिणीसारखी छोटी नळी असते, तिच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आकडा दिसतो. समुद्राचा आकडा पस्तीस. मी पाणी पस्तिसावर आणून ठेवते आणि ते पुन्हा चढतं. नळी बिघडली असेल म्हणून शुद्ध पाण्याचा थेंब टाकून पाहिला. शून्य. नळी बरोबर आहे.

आज एक डॅमसेल गेला. मी जाळीने काढत होते तेव्हा आशाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. मला वाटलं, बाईंना वाईट वाटलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तूप-रव्याचा खमंग वास आला. मासा मेला त्या दिवशी या घरात शिरा होतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गाळणीची पिशवी धुवायला काढली, तर तळाशी मोहरी. पाण्याने फुगलेली मोहरी आणि लाल मिरच्यांचे देठ.

आशाबाईंना विचारलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. मंगळवारी आणि शनिवारी त्या साहेबरावांची दृष्ट काढतात. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन डोक्यापासून पायांपर्यंत उतरवतात. पूर्वी चुलीत टाकायच्या. आता चूल नाही, गॅसवर तडतड उडतं, शेगडी खराब होते. आणि टँकला तर मीठ लागतंच. मग वाया कशाला घालवायचं?

मी गाळणीची पिशवी हातात धरून तशीच उभी. त्यांना वाटलं मला पटलं. मग आपुलकीने समजावून सांगू लागल्या. कुठलाही मासा बला घेत नाही. आपल्या हातचं जो खातो तोच आपली बला घेतो. म्हणून आधी साहेबरावांच्या घरातल्या कुणीतरी त्याला हाताने भरवायचं आणि मग ओवाळलेलं मीठ सोडायचं. मासा गेला की साहेबरावांची सूज उतरते, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. पहिले गोड्या पाण्याचे मासे होते, ते लहानसहान घेऊन जायचे. समुद्राचा मासा मोठं घेतो.

"मासा गेला म्हंजे बला गेली, पोरी. रडायचं काय त्यात?"

तेव्हा कळलं. मासे जगवायला मला आणलंय असं मी समजत होते. यांना ते थोडे जास्त टिकायला हवे होते, मोठी बला घेण्याइतके. मी खूप बोलले. वयाचा मान ठेवला नाही. हा छळ आहे म्हटलं, नोकरी गेली तरी चालेल पण हे चालू देणार नाही म्हटलं. त्या रागावल्यादेखील नाहीत.

दुपारी औरंगपुऱ्यात जाऊन कुलूप आणलं. झाकणाला लावलं. किल्ली माझ्या गळ्यात.

३० नोव्हेंबर, रविवार

आकडा पस्तीस. हलत नाही. टँगला रंग चढलाय, हळदीसारखा. क्लाउनफिशच्या मादीने दगडावर नारिंगी अंडी घातली आहेत आणि नर दिवसभर पंखांनी त्यांना वारा घालतो. इतकंच करायचं असतं खरं म्हणजे. थोडे मासे, स्थिर पाणी, आणि घाई नाही. ज्याला घाई आहे त्याने प्लास्टिकचे मासे पाळावेत.

सार्थक म्हणाला, आता यांची आधार कार्डं पण काढून घ्या, मॅडम. कुलूप लावल्यापासून एकही मेला नाही, हे तो हसत सांगत होता. आशाबाई हसल्या नाहीत.

११ डिसेंबर, गुरुवार

साहेबरावांना शहरातल्या दवाखान्यात ठेवलंय. सूज मांड्यांपर्यंत चढली. पाण्याची तहान लागते पण पाणी मोजून देतात. मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. त्यांचा आजार जुना आहे, वाढणार होता, हे मी स्वतःला सांगते. घरातलं कुणी मला दोष देत नाही. पण जाता-येता प्रत्येक जण टँकपाशी थांबतो आणि माशांकडे बघतो. फुकट जेवणाऱ्या पाहुण्यांकडे बघावं तसं.

सार्थक स्वस्तातला मोठा मासा सोडू म्हणाला, बाबांसाठी, एकदाच. मी नाही म्हटलं. आज तो हसला नाही.

२० डिसेंबर, शनिवार

ठरलं. मासे इथून हलवायचे. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत माझी मैत्रीण स्वरदा आहे. त्यांच्याकडे टाक्या रिकाम्या व्हायच्यात, म्हणून ११ जानेवारीला त्यांची गाडी येईल आणि प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून सगळे मासे आणि प्रवाळ घेऊन जाईल. तोवर ते जिवंत ठेवायचे. मग मीही जाणार.

घरी परतलेल्या साहेबरावांना भीत भीत सांगितलं. खुर्चीत बसून होते, चेहरा मेणासारखा.

"न्या," म्हणाले. "ते जगाया लागले अन् मी मराया लागलो."

आशाबाई जवळच होत्या. मला वाटलं, आता भांडतील. त्यांनी फक्त विचारलं की गाडी कधी येणार. मग मला हाताला धरून जेवायला नेलं. आजवर ताट वर यायचं, आजपासून आपल्याबरोबर बसायचं म्हणाल्या. वरणभात कालवून पहिला घास त्यांनी माझ्या तोंडात घातला. लाजले मी. इतकं बोलले होते त्यांना, तरी मनात काही ठेवलं नाही या बाईने.

२६ डिसेंबर, शुक्रवार

रोज पहिला घास त्याच भरवतात. नको म्हटलं तर डोळ्यांत पाणी आणतात. स्वयंपाक जरा खारट झालाय, पण बोलायचं कसं? साहेबरावांचं अळणी वेगळं शिजतं, त्यात आमच्या भाजीचा अंदाज चुकत असेल.

साहेबराव आज बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत चालत आले. चप्पल पायात बसली. सगळं घर खूश आहे. मलाही बरं वाटलं. मासे तर जिवंत आहेत. म्हणजे ते सगळं थोतांडच होतं, हे आता यांना कळेल.

तहान फार लागते. थंडीमुळे असेल.

१ जानेवारी, गुरुवार

नव्या वर्षाचा शिरा. पहिला घास त्यांच्या हातचा. दाताखाली काही आलं. ताटाच्या कडेला काढून बघितलं.

मोहरी. कच्ची, न तडतडलेली.

शिऱ्यात.

मी आशाबाईंकडे बघितलं. त्यांनी दुसरा घास कालवला होता, हात तसाच पुढे धरलेला. मी उठले. पातेलंभर पाणी प्यायले. पाणीसुद्धा खारट लागलं.

४ जानेवारी, रविवार

तीन दिवस घरात खाल्लं नाही. शहरात उस्मानपुऱ्याला माझी उमाकाकू राहते, तिच्याकडे जाऊन जेवते. उपयोग नाही. तहान जात नाही. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, समुद्राचं पाणी प्यायलात का. आजच्या आज ॲडमिट व्हा म्हणाले. काकू रडायला लागली. मी ११ नंतर होईन म्हटलं. मी तिथे झोपले तर इथलं कुलूप तोडायला किती वेळ लागणार? सलाइन लावून घेतलं आणि परत आले. रिक्षात बसेपर्यंत बरं होतं. चितेगावच्या अलीकडे पुन्हा जीभ लाकडासारखी.

पायांवर सूज आहे. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो.

नळीच्या काचेवर माझी लाळ टाकून बघितली. माणसाची लाळ, त्यात किती असणार!

पस्तीस.

५ जानेवारी, सोमवार

आशाबाईंना गाठलं. आवाज चढवून विचारलं, मला का? सार्थक ऐकत होता, मोबाइलकडे बघत. त्या भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"तू कुलूप लावलंस. मी काय करू? माझं माणूस हाय ते."

मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. मग त्या म्हणाल्या, अगदी मायेने,

"लेकीवानी जेवू घातलं तुला. उपाशी तर नाय ठेवलं."

पोलिसांत जाईन म्हटलं. सार्थकने मान वर केली आणि विचारलं, काय सांगणार मॅडम, आईने शिरा भरवला म्हणून?

६ जानेवारी, मंगळवार

सकाळी मासे काचेशी आले, नेहमीसारखे. झाकण उघडून कोळंबीचा चुरा हाताने घातला. टँग पहिला आला. बोटांतून घेतला त्याने.

आणि तोंडाला पाणी सुटलं. माझ्या. जीभ ओली झाली. तहान गेली, अशी गेली की मी तिथेच जमिनीवर बसून हसले. पायाची सूज बघता बघता उतरली. आठवड्यानंतर गाढ झोपले.

दुपारी उठले. टँग वाळूवर आडवा. हळदीचा रंग सगळा गेलेला, खडूसारखा पांढरा.

पाणी ठीक होतं. पाण्यात काही दोष नव्हता.

मी मारला त्याला.

आशाबाईंनी जाळीतला मासा पाहिला आणि हात जोडले. माझ्याकडे बघून मान हलवली. आता कळलं ना, अशी. त्यांच्या तोंडावर जाळी फेकून मारावीशी वाटली. एवढा राग मला जन्मात आला नव्हता, आणि तो कुणाचा हे नीट सांगता येत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

एकाने सुटलं नाही. परत आलंय. जास्त.

खायला घालणं बंद केलंय. निरोगी मासा काही दिवस उपाशी राहू शकतो, त्याने मरत नाही. गाडी येईपर्यंत राहतील. दुसऱ्या कुणाला घालू देत नाही— यांच्या हातचं तर नाहीच.

तिळाच्या वड्या आणल्या होत्या. आशाबाईंपुढे धरल्या, साहेबरावांपुढे धरल्या. घ्या ना, माझ्या हातचं. दोघांनी हात मागे घेतले. सार्थक खोलीतून निघूनच गेला. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना पहिल्यापासून—

उशीवर पांढरी पूड पडते. बोट लावलं. मीठ.

९ जानेवारी, शुक्रवार

साहेबराव डाळिंबाच्या बागेत फिरले. गड्यांवर ओरडले. आवाज आला मला वरपर्यंत, ठणठणीत.

मी जिना उतरायला भिंत धरते.

किल्ली आहे. गळ्यात आहे. दोरीखाली कातडी सोलली आहे, झोंबते. झोंबू दे.

१० जानेवारी, शनिवार

उद्या. उद्या गाडी. मग ॲडमिट. मग यांच्यावर— यांना मी—

काकूचा फोन येतो. बोलता येत नाही, जीभ चिकटते. मेसेज केला, उद्या.

खाली मीठ उतरवताहेत. शनिवार ना. मी तर जेवत नाही आता. मग ते कुठे टाकतात? पाण्याच्या माठात? मी पाणी कुठून— दिवसभर मी पाणी कुठून पिते आहे—

११ जानेवारी, रविवार

गाडी नाही आली. नगरजवळ बिघडली. स्वरदा माफी मागत होती, उद्या सकाळी नक्की म्हणाली. उद्या.

टँकसमोर बसले आहे. वही मांडीवर. घरात कुणी नाही, वेरूळला गेलेत, घृष्णेश्वराला, साहेबराव बरे झाले म्हणून. चालत जाणार आहेत देवळात.

राग येतोय अजून. बरं आहे. राग आहे तोवर मी त्यांच्यातली नाही.

मासे काचेशी आलेत सगळे. माझ्या हाताकडे बघताहेत.

कुलूप काढलं. नुसता हात गार करायला. कोपरापर्यंत बुडवला. कातडीची आग जरा—

मोठा डॅमसेल तसाही म्हातारा आहे. एवढ्या प्रवासात टिकायचा नाही. आणि उद्या मी उभी नसले तर पिशव्या भरणार कोण, स्वरदाला इथलं काही माहीत नाही, सगळेच जातील. एक गेला तर उरलेले— हे मी माझ्यासाठी नाही करत. एकालाच. फक्त सकाळपर्यंत उभं राहता यावं म्हणून.

कोळंबी बोटांत आहे. डाव्या हाताच्या, उजव्याने लिहिते आहे. डॅमसेल मागे राहिलाय, ये ना, ये— पुढे क्लाउनफिशची मादी आली. तिला नाही. बोटं मिटून घेतली. तिने तोंड लावलंय बोटांना, ओढते आहे, भूक लागलीय तिला, मी घट्ट धरलंय पण बोटांत जोर— जिभेवर ओल आली, थोडी, आणि मी हात मागे—